हँडलवरचा हात

नातीचे पुढचे दोन दात एकाच आठवड्यात पडले, त्या वर्षी मावशी आयुष्यात पहिल्यांदा व्हीलचेअरमध्ये बसल्या. विमानाच्या शिडीखाली पांढऱ्या मिशांचा एक माणूस खुर्ची घेऊन उभा होता. त्याने हातातल्या यंत्रात बघून त्यांचं नाव विचारलं आणि बसा म्हणाला. मावशी सगळी शिडी आपल्या पायांनी उतरून आल्या होत्या, खांद्याला भरलेली पिशवी होती. तरी त्यांनी मान डोलावली, वाकून चाकाचा ब्रेक लावला आणि मग टेकल्या.

"राहू द्या आजी, मी आहे ना," मिशीवाला म्हणाला.

"आहेस, पण ब्रेक लावला नव्हतास."

तो हसला. या बाईची हयात खुर्चीच्या मागे उभं राहून गेली आहे, हे त्याला कुठून कळणार? मावशी एका मोठ्या इस्पितळात आया होत्या. पेशंट त्यांना मावशी म्हणायचे, डॉक्टर मावशी म्हणायचे, पुढे गल्लीतली माणसंही म्हणायला लागली. नवरा होता तेव्हा तो चिडला की तोही म्हणायचा, झालं का मावशीबाईंचं? कामाच्या पहिल्या दिवशी थोरल्या सिस्टरनी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती. पेशंटची खुर्ची असो की स्ट्रेचर, पुढच्या माणसाचा हात हँडलवर आलेला आपल्या डोळ्यांनी बघायचा, मग आपला काढायचा. लांबून कोणी 'आलो, आलो' म्हणालं तर ते धरायचं नाही. मावशींनी ते निवृत्त होईपर्यंत पाळलं, आणि त्यापायी कितीदा तरी त्यांचा जेवणाचा डबा तसाच घरी परत आला.

त्यांचे गुडघे ठणठणीत होते. खुर्ची ही मुलाची युक्ती होती. तो म्हणाला, विमानतळ म्हणजे आख्खं गाव असतं, तू हरवशील. तिकिटाबरोबर व्हीलचेअर सांगितली की एक माणूस येतो आणि एका विमानातून काढून दुसऱ्यात नेऊन बसवतो. त्याच्या ऑफिसातले सगळे आपापल्या आईबापांना असंच पाठवतात. फक्त मध्येच उठायचं नाही. कोणी विचारलं तर गुडघे सांगायचे. सून म्हणाली, गुडघ्यांचं बरं असतं, बाहेरून काही दिसत नाही. नातीने तर आदल्या संध्याकाळी आजीला घरभर लंगडत चालवून तालीम घेतली आणि दातांच्या फटीतून हवा सोडत निकाल दिला, आजी नापास.

मावशींना हे सोंग पटलं नव्हतं. पण जाणं भाग होतं. लांबच्या शहरात त्यांची थोरली बहीण शेवटच्या आजारात होती. आई लवकर गेली, तेव्हा या ताईनेच त्यांना न्हाऊमाखू घातलं होतं, आपल्या पांघरुणात झोपवलं होतं. डॉक्टरांनी आता तिला घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, आई दुसरं काही बोलत नाही. तू निघालीस का, एवढंच विचारते."

इस्पितळात ज्यांचं कोणी यायचं नाही त्यांच्या उशाशी मावशी बसायच्या. ते काही नेमून दिलेलं काम नव्हतं. शेवटच्या घटकेला माणसाला माणसाचा हात लागतो, एवढं त्यांना कळत होतं. स्वतःचा नवरा गेला तेव्हा मात्र त्या भलत्याच वॉर्डात कोणा परक्या म्हाताऱ्याचा हात धरून बसल्या होत्या. निरोप पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ताईच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, हे त्यांनी भाच्याचा फोन ठेवता ठेवताच ठरवलं.

तिकीट साधं होतं. एका विमानाने मधल्या मोठ्या शहरात जायचं, तिथे त्याच इमारतीत थोडं पुढे गेलं की दुसरं विमान. निघायच्या आदल्या दिवशी कंपनीचा मेसेज आला, विमान बदललं आहे, आपली जागा कायम आहे. जागा कायम आहे म्हटल्यावर मुलाने फोन खिशात टाकला. विमान बदललं म्हणजे आणखी काय काय बदललं, ते कंपनीने कळवलं नव्हतं. मोठ्याच्या जागी छोटं विमान आलं. मावशींची पुढची जागा गेली आणि शेवटच्या रांगेतली हातात आली. छोट्या विमानाला इमारतीशी जागा मिळाली नाही, ते लांब मोकळ्यावर उभं राहिलं. आणि दुसरं विमान ज्या गेटवरून सुटायचं ते त्याच महिन्यात नव्या टर्मिनलमध्ये हललं होतं. मावशींच्या हातातला कागद यातलं काहीच बोलत नव्हता.

शेवटच्या रांगेत त्यांच्या शेजारी एक मास्तर होते. कोट घातलेले, ताठ, डावं अंग लुळं. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि वर्षभराने हा झटका आला, असं त्यांनी वाकड्या झालेल्या तोंडाने सावकाश सांगितलं. एकटेच लेकीकडे निघाले होते. पुढचं विमानही मावशींचंच. त्यांचीही जागा पुढची होती, तीही विमानाबरोबर बदलली. सगळे उतरून गेले तरी मास्तर जागेवरच. त्यांना खाली घ्यायला उचलायची गाडी लागते, ती मोठ्या विमानासाठी कोणी मागवलीच नव्हती, कारण मोठं विमान इमारतीला लागणार होतं. गाडी आली तोवर विमान झाडून झालं होतं. झाडणाऱ्या बाईने मास्तरांना पाय उचला म्हणून सांगितलं आणि मग स्वतःच ओशाळली.

मिशीवाल्याने मावशींची खुर्ची आणि त्याच्या सोबत्याने मास्तरांची खुर्ची एका बसक्या गाडीत चढवली आणि जुन्या इमारतीशी उतरवली. मावशी परत परत विचारत होत्या, विमान मिळेल ना. मिशीवाला म्हणाला, कागदावर तर भरपूर वेळ आहे.

"कागदावर म्हणजे?"

"म्हणजे जुन्या टर्मिनलमधून जुन्या टर्मिनलमध्ये. आता ते नव्यात गेलंय. कागदाला काय, तो तसाच."

जुन्या आणि नव्या इमारतीच्या मध्ये काचेचा लांब पूल होता. पुलाच्या मधोमध जमिनीवर एक पिवळी पट्टी मारलेली. खुर्च्या ढकलणारे तिथे येऊन असे थांबले, जसं काही पुढे पाणी आहे. अलीकडचं काम एका ठेकेदाराचं, पलीकडचं दुसऱ्याचं. अलीकडच्याने पट्टी ओलांडायची नाही, पलीकडच्याने इकडे यायचं नाही. मिशीवाल्याने मावशींची खुर्ची पट्टीला समांतर लावली, मास्तरांची शेजारी लागली. या वेळी त्याने आठवणीने ब्रेक लावला आणि मावशींनी बघितलं का ते बघितलं.

"आता तिकडचा माणूस येईल."

"कुठे आहे तो?"

"येईल, आजी."

"मग येईपर्यंत थांब."

त्याने यंत्र पुढे केलं. ते चिमणीसारखं चिवचिवत होतं. पुढची खुर्ची त्याला बोलावत होती. तो म्हणाला, मी थांबलो तर हे थांबत नाही, आणि गेला. त्याचा सोबतीही गेला.

मावशी मान वळवून मागे बघायला लागल्या. बसल्या जागेवरून हँडल दिसत नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी खुर्च्या ढकलल्या होत्या, आणि बसलेल्या माणसाला मागे हात आहे की नाही हे कळत नाही, हे त्यांना आज कळलं.

पट्टीवर आणखी तीन-चार खुर्च्या होत्या. पलीकडून निळ्या जाकिटातली माणसं आली, यंत्रात नाव बघून एकेकाला आपल्या खुर्चीत बसवून घेऊन गेली. शेवटी हे दोघेच उरले. पलीकडच्या टेबलाशी एक निळ्या जाकिटातलीच बाई बसली होती. मावशींनी तिला हाक मारून विचारलं, तेव्हा तिने बोटाने यंत्राचा पडदा वर-खाली केला आणि सांगितलं की पुढच्या विमानाला दोघांचीही खुर्ची नोंदलेली नाही. विमान बदललं तेव्हा नोंद गळली असेल. असं होतं कधी कधी. आता ती नोंद जुन्या बाजूने परत पाठवायला हवी. जुन्या बाजूचा कोण आहे? मावशींनी मागे बघितलं. जुन्या बाजूला काच होती आणि काचेपलीकडे ऊन.

"आपण दोघं सामान झालो," मास्तर म्हणाले. "सामानाला निदान चिठ्ठी तरी चिकटवतात."

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी बाईला परत सांगितलं की बहीण मरणाच्या दारात आहे. बाई वाईट नव्हती. तिने खरंच कुठेतरी फोन लावला, कानाशी धरून ठेवला, मग खाली ठेवला. म्हणाली, लागत नाही. आणि पुढच्या कामाला लागली.

"तुमचं काय, गुडघे का?" मास्तरांनी विचारलं.

"गुडघे," मावशी म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःची किळस आली. शेजारी खरा पांगळा माणूस बसलेला, आणि आपण धडधाकट पायांनी त्याच्या रांगेत. उठावं आणि चालू लागावं असं शंभरदा मनात आलं. पण मुलाने बजावलं होतं, उठलीस की खुर्चीवाल्यांच्या यादीतून नावच जातं, मग तुला कोणी विचारणार नाही. सगळी जिंदगी दुसऱ्याने आखून दिलेल्या ड्यूटीत काढलेल्या बाईला बस म्हटल्यावर बसायची सवय होती. त्या बसून राहिल्या. तो वेळ त्यांनी पुढे स्वतःला कधी माफ केला नाही.

बोलता बोलता मास्तर गप्प झाले. त्यांचा चांगला हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला गेला, कपाळावर घामाचे थेंब आले. मावशींनी असे चेहरे वॉर्डात हजारदा बघितले होते. त्यांनी हळू आवाजात विचारलं. मास्तरांनी मान हलवली, मग दुसरीकडे बघत पुटपुटले, "राहू द्या. कोणाला सांगू नका."

बाथरूमचं दार पट्टीच्या पलीकडे, समोर दिसत होतं. मावशींनी बाईला सांगितलं. बाई म्हणाली, तिच्या माणसांपैकी सध्या कोणी नाही आणि ती स्वतः टेबल सोडू शकत नाही. शिवाय खुर्ची जुन्या बाजूची आहे, तेव्हा जुन्या बाजूच्याला सांगा. हे ती तशीच म्हणाली जसं यंत्र म्हणतं. मास्तर खाली मान घालून बसले होते, कोटाचं टोक मांडीवर ओढून. पंचाहत्तरीचा माणूस, चार पिढ्यांना गणित शिकवलेला, आणि एका रंगाच्या पट्टीपायी कपड्यात करायची वेळ त्याच्यावर आलेली. मावशींच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

त्या उठल्या. लंगडल्याही नाहीत. पिशवी मास्तरांच्या मांडीवर ठेवली, ब्रेक काढला आणि हँडल धरलं.

बाई टेबलामागून उभी राहिली. "तुम्हाला चालता येतं?"

"येतं."

"मग खुर्ची कशाला घेतलीत? तुमच्यासारख्यांमुळे ज्यांना खरी गरज आहे त्यांना खुर्च्या पुरत नाहीत."

ते वाक्य मावशींना लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. 

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "मी खोटी. हे खरे आहेत. यांना खुर्ची पुरली आहे ना? मग ढकला."

बाई टेबलामागेच उभी राहिली.

"नाही ना? मग बाजूला व्हा."

खुर्ची पट्टीवरून गेली. चाकाला धक्कासुद्धा लागला नाही. नुसता रंग होता तो. मागून बाई म्हणाली की ही खुर्ची इकडे आणायची परवानगी नाही. थांबवलं मात्र कोणी नाही. थांबवायचं तर खुर्चीला हात लावावा लागला असता, आणि ते कोणाच्याच कामात बसत नव्हतं.

बाथरूममध्ये मावशींनी जे केलं ते त्या आयुष्यभर करत आल्या होत्या, न बोलता आणि दुसरीकडे बघत. बाहेर आल्यावर मास्तरांनी कोट सारखा केला. मग म्हणाले, "वर्गात पोरांनी बोट वर केलं की मी म्हणायचो, बसा, तास संपू दे."

"आता कळलं ना," मावशी म्हणाल्या आणि खुर्ची जोरात ढकलली. मास्तर हसायला लागले. वाकड्या तोंडाने हसताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

नवं टर्मिनल चकचकीत होतं. मधूनमधून सरकते पट्टे होते, त्यावर उभे राहून लोक पुढे निघून जात होते; खुर्चीला त्यावर मनाई. लिफ्ट शोधावी लागली. ती सापडली तेव्हा आत सामानाच्या ढकलगाड्या घेतलेली एक सहल उभी होती, त्यांनी पुढच्या लिफ्टने या अशी खूण केली. मावशी वाट विचारत, अंक बघत, दोन दुकानांच्या मधून, अत्तराच्या वासातून चालत राहिल्या. उजवी कंबर भरून आली. खोटं दुखणं सांगत बसले त्याची ही फेड, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्याचाही राग आला. चूक कोणाची आणि फेडायचं कोणी.

चालता चालता पिशवीत फोन वाजला. मास्तरांनी तो काढून वर धरला. भाचा होता.

"मावशी, बसलीस का विमानात? आई दाराकडेच बघतेय."

"बसते," मावशी म्हणाल्या. "तिला सांग, बसते."

गेट अगदी टोकाला, तळमजल्यावर. काचेच्या दाराबाहेर, रस्त्यापलीकडे रिक्षा उभी असावी इतक्या जवळ विमान उभं होतं. हेही छोटं, हेही बदललेलं; त्याला खालून चढायची शिडी. रांग संपली होती. टाय लावलेला एक तरुण कारकून दाराची साखळी लावत होता. मावशींनी लांबूनच हाक मारली. त्याने कागद बघितले. नावं होती. पण दोघांच्या नावापुढे खुर्ची लिहिलेली नव्हती. त्याने वर बघितलं, मावशी उभ्या होत्या.

"तुम्हाला शिडी चढता येईल?"

"येईल."

"यांना?"

"नाही."

मग हे जाऊ शकत नाहीत, असं त्याने सांगितलं. उचलायची गाडी आधी मागवावी लागते, ती यायला वेळ लागतो, आणि विमानाला आता वेळ नाही. ठरलेलं मोठं विमान असतं तर ते इमारतीला लागलं असतं, गाडीची गरजच नव्हती. हे त्याने असं सांगितलं जसं काही मोठं विमान मास्तरांनी बदलून घेतलं होतं. मावशी म्हणाल्या, मी यांना पाठीवर घेते, मी घेतलेली आहेत माणसं पाठीवर. तो म्हणाला, तशी परवानगी नाही. त्या म्हणाल्या, मग विमानातल्या दोन माणसांना सांगा. तो म्हणाला, ते त्यांचं काम नाही. त्याचं यंत्रही चिवचिवायला लागलं.

"तुम्ही येताय का? दार बंद होतंय."

मावशींचे दोन्ही हात हँडलवर होते. ते निघत नव्हते. दारातून विमानाचा वारा येत होता, इंधनाचा वास येत होता, आणि तिकडे ताई दाराकडे बघत पडली होती. इकडे मास्तर.

"जा तुम्ही," मास्तर म्हणाले. "मी आहे इथेच. पळून कुठे जाणार?"

मावशी कारकुनाला म्हणाल्या, "इकडे या."

तो आला.

"इथे हात ठेवा."

"मॅडम, हे माझं..."

"माहीत आहे तुमचं काम नाही. कोणाचंच नाही. मघापासून मी तेच ऐकतेय. ठेवा हात."

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण या आवाजाने त्यांनी दारू पिऊन आलेल्या नातेवाइकांना वॉर्डाबाहेर काढलं होतं. कारकुनाने तापल्या तव्याला लावावा तसा एक हात लावला.

"दोन्ही."

त्याने दुसरा ठेवला. मावशींनी ते दोन्ही हात नीट बघितले, आणि मग आपले काढले.

"यांना मध्ये परत बाथरूमला न्यावं लागेल. पाणी विचारा. दुसऱ्या कोणाच्या हातात देईपर्यंत सोडायचं नाही. कळलं?"

"हो."

"तोंडाने नको सांगू."

त्यांनी मास्तरांच्या मांडीवरची पिशवी घेतली. मास्तरांनी चांगला हात पुढे केला, तो मावशींनी घट्ट धरला आणि त्या बाहेर पडल्या. उन्हातून, वाऱ्यातून शिडीपर्यंत गेल्या. चार पायऱ्या चढून त्यांनी मागे बघितलं. काच चमकत होती तरी आतलं दिसत होतं. कारकून पाठमोरा उभा होता, साखळी लावत. दोन्ही हात साखळीला. खुर्ची एकटी होती. मास्तरांनी चांगला हात छातीपर्यंत उचललेला होता. निरोपाचा होता की बोलावण्याचा, ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

"पुढे चला आजी," वरून विमानातली मुलगी म्हणाली.

मावशींचा एक पाय वरच्या पायरीवर होता, एक खालच्या. खाली उतरावं, काच फोडावी, त्या पोराचं मानगूट धरावं, असं सगळं एकदम त्यांच्या अंगात उसळलं. दाराकडे बघत पडलेली ताई त्यांना दिसली. त्या वर गेल्या.

त्यांच्या शेजारची जागा मास्तरांची होती. ती रिकामीच गेली. पट्टा नीट घडी घालून ठेवलेला होता. मावशींनी सगळ्या प्रवासात डोळे मिटले नाहीत. त्यांना त्या कारकुनाचा राग होता, त्याला यंत्र देऊन उभं करणाऱ्यांचा राग होता. कोणी तरी कुठे तरी थंड खोलीत बसून मोठ्याच्या जागी छोटं विमान लावलं, त्यात किती खुर्च्या बसतील ते मोजलं, आणि चाकं असलेल्या खुर्च्या मोजायला विसरलं, त्याचा राग होता. आणि सगळ्यात जास्त राग स्वतःचा, त्या पट्टीवर बसून राहिल्याचा. पहिल्यापासून उभ्या राहिल्या असत्या तर दोघांनाही वेळ मिळाला असता.

संध्याकाळी भाच्याच्या घरी पोहोचल्या तेव्हा ताई जागी होती. उशी उंच करून तिला दाराकडे तोंड करून ठेवलं होतं. ती इतकी बारीक झाली होती की पांघरुणाखाली कोणी आहे असं वाटत नव्हतं. मावशी पादत्राणं काढायचंही विसरून उशाशी बसल्या आणि तिचा हात हातात घेतला.

"कशी आलीस?" ताईने विचारलं.

"बसून आले."

ताईच्या ओठांच्या कडेला हसू आलं. "तू, आणि बसून?"

मावशींनी काही सांगितलं नाही. मरणाऱ्या माणसाच्या उशाशी असल्या गोष्टी सांगायच्या नसतात, हे त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाच्याला कंपनीत फोन लावायला लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एका बाईचा गोड आवाज आला. भाच्याने विचारून फोन त्यांच्या हातात दिला. त्या आवाजाने सांगितलं की नोंदीप्रमाणे दोन्ही व्हीलचेअर प्रवाशांना कंपनीतर्फे वेळेत गेटवर पोहोचवण्यात आलं. त्यातल्या एकाने नंतरच्या विमानाने, म्हणजे आज सकाळी, प्रवास केला.

"आम्हाला कोणी पोहोचवलं?" मावशींनी विचारलं.

"आमच्या मदतनिसांनी, मॅडम."

"आणि काल दुपारपासून आज सकाळपर्यंत ते कुठे होते?"

त्याची नोंद नसते, असं उत्तर आलं.

"हँडल कोणी धरलं होतं?"

त्या आवाजाला प्रश्न कळला नाही. तिने आणखी काही मदत हवी आहे का, असं विचारलं. मावशींनी फोन भाच्याकडे दिला.  भाच्याला वाटलं, त्या प्रवासाने थकल्या आहेत. त्याने पाणी आणलं. मावशी म्हणाल्या, "पाणी नको. मला माणूस पाहिजे होता फोनवर," आणि आत ताईजवळ जाऊन बसल्या.

त्यानंतर त्या तिथून फारशा हलल्या नाहीत. भाचेसून म्हणायची, थोडं पडा, मी बसते. मावशी म्हणायच्या, ये, बस, हात धर. तिने ताईचा हात धरलेला दिसला की मगच आपला काढायच्या, तोंड धुवायच्या, दोन घास खायच्या आणि परत यायच्या. दाराबाहेरून कोणी आलोच म्हणालं तर त्या जागच्या उठत नसत. भाच्याला याची गंमत वाटायची. म्हणायचा, मावशी अजून ड्यूटीवर आहे. त्याला कोणी खुलासा केला नाही.

शेवटी बाहेर उजाडत होतं. ताईचा श्वास लांबला, आणखी लांबला, आणि पुढचा आला नाही. मावशींना ते भाच्याच्या आधी कळलं. भाचा थोड्या वेळाने म्हणाला, "मावशी, सोड आता."  त्यांनी मोकळ्या हाताने भाच्याचा हात ओढून घेतला, ताईच्या हातावर ठेवला, बोटं मिटवून दिली, ती मिटलेली नीट बघितली आणि मग आपला हात काढला.

ताई गेली तो गुरुवार होता, मावशी येऊन आठवडाही झाला नव्हता. नातीचे नवे दात अजून वर यायचे होते.